न्यान-सान

"मान जरा डावीकडे घे. एवढी नको. हं, आता अशीच राहा."

"अहो, मला अजून चाळीस कुंड्या करायच्यात."

"दहाच मिनिटं."

"तुमची दहा मिनिटं मी त्रेचाळीस वर्षं बघतेय."

तिने बाहीने कपाळ पुसलं आणि पुन्हा उभी राहिली. मी कोळशाची कांडी कागदावर टेकवली. बाहेर ऑक्टोबर होता, पण काचघरात उकडत होतं. तिच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंच्या लांब फळ्यांवर सायक्लमेनच्या कुंड्या होत्या. गर्द हिरवी पानं, त्यांवर चंदेरी नक्षी, फुलं मोजकीच, बाकी कळ्या. तिने निळा रबरी एप्रन घातला होता आणि डोक्याला रुमाल बांधला होता. अर्धा तास मी तिला काढत होतो आणि कागदावर जे उमटलं होतं त्याला फार तर एक बाई म्हणता आलं असतं.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "न्यान-सान! न्यान-सान, जरा इकडे या!"

आणि माझी बायको वळली.

आधी मान वळली, मग खांदे. ज्याने बोलावलं त्याच्याकडे काहीतरी गंमतच असणार अशी खात्री असल्यासारखा चेहरा झाला होता. "हाऽय!" असा जपानी होकार देत, एप्रनला हात पुसत ती गेलीसुद्धा. मी कांडी धरून बसून राहिलो. हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आणि न्यान-सान कोण, तेही मला माहीत नव्हतं.

मी चित्रकार नाही, हे आधी सांगायला हवं. लोखंडाला गंज का चढतो या विषयावर मी एका संशोधन संस्थेत अठ्ठावीस वर्षं काम केलं आणि निवृत्त झालो, तेव्हाही तो चढतच होता. त्यानंतर इचिकावातल्या आमच्या घराजवळच्या समाजकेंद्रात दर गुरुवारी चित्रकलेचा वर्ग असतो, तिथे जाऊ लागलो, तेही घरात पायात पायात येतो असं नीलिमा म्हणाली म्हणून. मला पानं बरी काढता येतात. पानं बोलत नाहीत, हलली तरी तक्रार करत नाहीत. माणसं काढायच्या वेळी मी नेहमी टेबलावरचा फुलदाणीचा कोपरा निवडतो.

पण सप्टेंबरात एकदा आमटी वाढताना नीलिमा म्हणाली, "ओनुकी-सान काचघर बंद करतायत. डिसेंबरअखेर. गुडघे गेले त्यांचे, आणि मुलगा काही करणार नाही म्हणतो. तिथे पार्किंग होणार."

"अरे," मी म्हणालो.

"माझं एक चित्र काढा ना तिथे. फुलांमध्ये."

"फोटो काढू या की चांगला."

"फोटोत मी मेल्यासारखी दिसते."

तिने माझ्याकडे काही मागितलं असं फारसं आठवत नाही. तिथे ती तेवीस वर्षं पार्ट-टाइम, म्हणजे इथल्या भाषेत 'पाटो', म्हणून जात होती. बसने वीस मिनिटं. मी एकदाही गेलो नव्हतो. कारण विचाराल तर भीती. मी जपानी चांगलं वाचतो, पण बोलायला लागलो की शोधनिबंध वाचून दाखवल्यासारखं होतं, समोरची माणसं ताठ होतात आणि मग मीही होतो.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "न्यान-सान कोण?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "मी."

"म्हणजे?"

"ज्ञानदा म्हणता येत नाही त्यांना. न्यानादा म्हणायचे, त्याचं न्यान झालं. आपलं मांजर म्याँव करतं ना, इथलं न्यान करतं. म्हणून हसतात सगळ्या. पहिल्या वर्षापासून चाललंय."

माझ्या डोळ्यांसमोर आमचं कपाट आलं. मांजराचा कप, मांजराचे मोजे, मांजराचे कान असलेला टॉवेल. दर वाढदिवसाला ती काचघरातून असलं काहीतरी घेऊन यायची. भारतात असताना मांजर दिसलं की झाडू उगारणाऱ्या बाईला इथे येऊन मांजरं आवडायला लागली, असं मी तेवीस वर्षं समजत होतो. एका वर्षी मीही शोधून शोधून मांजराच्या चित्राची छत्री आणली होती. तिने ती सहा पावसाळे वापरली.

"पण तुझं नाव नीलिमा आहे."

"कागदावर आहेच की. रेसिडेन्स कार्डावर, विम्यावर," ती म्हणाली. "तेव्हा ओनुकी-सानच्या सासूबाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुला काय हाक मारू? असं मला कुणी विचारलंच नव्हतं हो कधी. तोंडातून तेच गेलं."

हे ती आज भेंडी चांगली नव्हती असं सांगावं तसं म्हणाली. मग आमचा स्टॉप आला म्हणून तिने बटण दाबलं.

नीलिमा हे नाव मी ठेवलं होतं. लग्न ठरल्यावर दोन आठवडे कवितांच्या वह्या चाळून, निळाईवर स्वतः एक पान लिहून, मी ते पत्राने तिला कळवलं होतं. ज्ञानदा हे मला शिकवणीच्या क्लासचं नाव वाटलं होतं आणि तसं मी मित्रांत म्हणालोही होतो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी नवं नाव लिहिलं तेव्हा माझं अक्षर चांगलं आल्याचा मला आनंद झाला होता. तिचे वडील कराडला हेडमास्तर होते. ज्ञानदा हे त्यांनी ठेवलेलं नाव. ते शेजारीच उभे होते, त्यांनी ताट पाहिलं आणि "छान," म्हणाले. माझ्यासारख्या कोरड्या माणसाच्या हातून झालेली एकुलती एक काव्यमय गोष्ट, असं त्या नावाबद्दल मला त्रेचाळीस वर्षं वाटत आलं होतं.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि तिला ज्ञानदा म्हणणारी माणसं आठवू लागलो. वडील गेले. आई गेली. भाऊ मोरेश्वर तिला ज्ञानू म्हणायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला, त्याचं सगळं तिने फोनच्या पडद्यावर पाहिलं. उरलं काचघर. ते अठ्ठावीस डिसेंबरला बंद होणार. त्यानंतर या जगात तिला त्या नावाने हाक मारणारं कुणीही राहणार नव्हतं.

मी ओसाकाला रुचाला फोन केला. आमची एकुलती एक मुलगी, तिथे नोकरी करते.

"रुचा, आईचं माहेरचं नाव तुला माहीत आहे?"

"न्यान-चान? ऑफ कोर्स, बाबा. मी सुट्टीत जायचे ना तिकडे, कुंड्यांना पाणी घालायला. व्हाय?"

"सहज."

"एह? तुम्हाला माहीत नव्हतं? उसो!"

उसो म्हणजे खोटं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, इट्स ओके."

मी ठरवलं की हे काम आता आपण करायचं. काचघर बंद झालं की तिला मी ज्ञानदा म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी न्हाणीघरात नळ सोडून म्हणून पाहिलं. एदोगावा नदीच्या बांधावर सकाळी फिरताना एका बगळ्याला म्हणून पाहिलं. तो उडून गेला. घरात तिच्यासमोर मात्र ज्ञ वर जीभ टेकायची आणि तोंडातून निघायचं, "अगं, चहा."

दरम्यान दर शनिवारी तिच्याबरोबर काचघरात जाऊन चित्र काढणं चालू होतं. गुरुवारचा वर्ग घेणाऱ्या कामियामा-सेन्सेई माझ्या कागदासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या ऐंशीच्या आहेत आणि कुणाला दुखवत नाहीत. "पानं आली आहेत," त्या म्हणाल्या. "माणूस अजून आलेला नाही."

नीलिमाच्या मते पानंही आली नव्हती. पुढच्या शनिवारी तिने कागद हातात घेतला आणि नाक मुरडलं.

"ही काय पानं? पुस्तकातली काढलीत."

"समोर बघून काढलीत."

"समोर बघा नीट. सायक्लमेनची पानं आपली आपण अशी बसतात होय? मी बसवलीत ती." तिने एक न केलेली कुंडी ओढली. मधोमध पानांचा गुंता होता. तिने एक पान देठाला धरून बाहेर ओढलं, दुसऱ्या पानाच्या देठाखाली अडकवलं, मग तिसरं. बोटं भराभर चालली. बघता बघता पानं गोल बाहेर गेली आणि मधे, इतका वेळ न दिसलेल्या, तांदळाएवढ्या कळ्या उघड्या पडल्या. "मधे ऊन पोचायला पाहिजे. नाहीतर नुसती पानंच वाढतात. प्रत्येक कुंडीला हे चार चार वेळा करायचं."

"प्रत्येक?"

"तीन हजार आहेत."

मी पानं खोडली आणि पुन्हा काढली. या वेळी एकेक पान कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवलंय असं समजून.

तेवढ्यात ओनुकी-सान चहा घेऊन आल्या. बुटक्या, तुरतुरीत, गुडघ्यांना पट्टे. त्यांच्या मागून हिराता-सान नावाची दुसरी पाटोवाली आली. मी उठून इतका वाकलो की फळीला डोकं आपटलं.

"न्यान-सानच्या हातची कुंडी बाजारात लांबून ओळखू येते," ओनुकी-सान मला म्हणाल्या. "तुम्ही घरी काय म्हणता हो तिला?"

मी नीलिमाकडे पाहिलं. ती चहात पाहत होती.

"अगं," मी म्हणालो.

"आगा? म्हणजे काय?"

मी शोधनिबंधाच्या भाषेत सांगू लागलो की हे संबोधन आहे, स्त्रीलिंगी आहे, याला स्वतंत्र अर्थ असा नाही. दोघी गंभीर होऊन ऐकत होत्या. मग ओनुकी-सानना एकदम उमगलं. "म्हणजे 'ओई'! आमच्या नवऱ्याचं 'ओई' होतं ना, तेच!" आणि त्या मांडीवर थाप मारून हसायला लागल्या. "चाळीस वर्षं मी ओई होते. ओई, वर्तमानपत्र. ओई, दाढीचं पाणी. दवाखान्यात शेवटी डोळे उघडले तेव्हा मी कान लावून बसले, म्हटलं आता तरी नाव घेईल."

"मग?" हिराता-सान म्हणाली, पण तिने ही गोष्ट शंभरदा ऐकली असणार.

"ओई, म्हणाला."

तिघी हसल्या. नीलिमाचा चहा सांडला. मीही हसलो, जरा उशिरा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी काचघर फुललं होतं. लाल, गुलाबी, पांढरी, पाकळ्या उलट्या वळवलेली ती फुलं हजारोंनी मान वर काढून उभी होती. बाकी सगळ्या बाहेर ट्रकमध्ये खोकी चढवत होत्या. आत आम्ही दोघंच. तिचा एप्रन झाला होता, रुमाल झाला होता, हात चांगले आले होते. चेहऱ्याच्या जागी फिकट तपकिरी रंगाचा एक डाग होता. ती वाळकी पानं काढत होती. मी ब्रश खाली ठेवला.

"ज्ञानदा," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. तिने झटकन माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही, नाही."

"मग? पाणी देऊ?"

"नाही गं. हे... इथलं बंद झालं की तुला त्या नावाने कुणी हाक मारणार नाही. मी विचार केला. मोरेश्वरही गेला. तर म्हटलं, मी..." पुढचं वाक्य मी नदीवर पाठ केलेलं होतं, पण ते गेलं.

तिने हातातली वाळकी पानं खाली टाकली. मग तिला हसू आलं. "शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटलं. मी 'हजर सर' म्हणणार होते."

"सराव केला की जमेल."

"तुम्ही नका म्हणू."

मला ते अपेक्षित नव्हतं. "मग नीलिमा म्हणू?"

"ते तरी कधी म्हणालात? एवढं हौसेने ठेवलंत, पत्रं काय लिहिलीत, आणि वापरलंत कुठे? लग्न झाल्यापासून मी अगं आहे."

मी मान खाली घातली. पॅलेटवर हिरवा रंग सुकत चालला होता.

"रागावून म्हणत नाहीये हो." ती फळीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. "अगं चांगलं आहे. तुम्हाला ताप आला की अगं वेगळं येतं, चष्मा सापडेना झाला की वेगळं, आणि भूकंपात तर असं येतं की मी धावतच येते. मला नुसत्या अगंवरून कळतं कुठल्या खोलीत काय झालंय ते. ते राहू द्या आपलं."

"आणि हे?"

तिने एका कुंडीतलं पिवळं पान देठाला पीळ देऊन मुळापासून उपटलं. "हे कुणी हाक मारायला नकोय मला. हे मला सांगायला हवं असतं. इथे दर वर्षी कुणीतरी नवी पाटोवाली यायची. विचारायची, तुमचं नाव काय? मग मी सांगायचे. तिला म्हणता यायचं नाही, मी परत सांगायचे. आता या वयात मला नाव विचारणारं कोण भेटणार? दवाखान्यात नुसतं कार्ड वाचतात."

ती पिवळं पान हातात धरून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती, काही विचारलंय आणि उत्तराची घाई नाही असं. मी ब्रश उचलला. "जरा अशीच राहा," म्हणालो. या वेळी कुंड्या राहिल्यात असं ती म्हणाली नाही.

पुढच्या गुरुवारी कामियामा-सेन्सेई माझ्या चित्रापाशी आल्या, थांबल्या, आणि एखादी व्यक्ती भेटल्यावर वाकतात तेवढ्या किंचित वाकल्या. "आल्या," एवढंच म्हणाल्या.

अठ्ठावीस डिसेंबरला ती नेहमीच्या वेळी गेली आणि नेहमीच्या वेळी परत आली. एप्रन घडी करून आणला होता. तो तिने धुतला, वाळवला, इस्त्री करता येत नाही म्हणून हाताने सपाट केला आणि कपाटात ठेवला. "काचा काढायला लागले पण," म्हणाली. मग कुकर लावला.

जानेवारीत समाजकेंद्राचं वार्षिक प्रदर्शन असतं. प्रत्येक चित्राखाली लावायच्या पट्टीसाठी एक फॉर्म भरून द्यायचा. चित्रकाराचं नाव आणि चित्राचं नाव. मागच्या वर्षी मी 'पाने, क्रमांक दोन' असं लिहिलं होतं. या वर्षी 'सायक्लमेनमधील स्त्री' असं पेन्सिलीने लिहिलं, पाहिलं, खोडलं, आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला. ती मटार सोलत होती.

"चित्राचं नाव तू लिही."

तिने वाचलं. हात पुसले. चष्मा आणायला आत गेली आणि बराच वेळ आतच होती. परत आली तेव्हा तिने पेन मागितलं, पेन्सिल नको म्हणाली.

"ज्ञ त्यांच्या लिपीत नीट येत नाही," मी म्हणालो. "द, मग न, मग या. तीन अक्षरांची जोडणी करावी लागेल. मी शब्दकोशात बघून..."

"न्या."

"ते बरोबर नाही. ते मांजराचं होतं."

"होऊ दे मांजराचं. तेवीस वर्षं झालंय."

तिने जपानी अक्षरांत न्यानादा लिहिलं. मग खाली थोडी जागा उरली होती, तिथे देवनागरीत ज्ञानदा. देवनागरी लिहायची सवय मोडलेली, अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल आणि जपून काढलेलं आलं. शेवटी तिने शिरोरेघ एकसलग ओढली.

प्रदर्शन दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. पहिल्या दिवशी सकाळी ओनुकी-सान आणि काचघरातल्या सगळ्या आल्या, चित्रापुढे खूप दंगा केला, चित्रातल्या पानांवरून कुंड्या कुणाच्या हातच्या ते ओळखलं, आणि जेवायला गेल्या. दुपारी हॉल रिकामा झाला. नीलिमा चित्राशेजारच्या खुर्चीत बसली होती, मी तिच्या बाजूला उभा होतो.

काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ हळूहळू एकेक चित्र बघत आमच्यापर्यंत आले. त्यांनी टोपी काढली. चित्र पाहिलं, मग खाली वाकून पट्टी वाचली, मग खुर्चीकडे पाहिलं.

"माफ करा, या आपणच का?"

"हो, मीच."

"आणि हे आपलं नाव? मला नीट वाचता येत नाही. हे खालचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहतोय. कसं म्हणायचं?"

ती खुर्चीतून उठली. पदर सारखा केला, कारण त्या दिवशी ती साडी नेसली होती. मी तिथून निघालो आणि दोन चित्रं सोडून पलीकडे जाऊन उभा राहिलो. तिथे कुणीतरी झाडावरून काढलेली पर्सिमन फळं रंगवली होती.

"ज्ञा," मागून तिचा आवाज आला.

"न्या."

"लिहिलंय तसं, पण नुसतं न्या नाही. जीभ आधी दातांना लावायची. द्, न्या. ज्ञा."

"द... न्या."

"हं. न. दा."

"न्या, ना, दा. चुकलं. माफ करा."

"आणखी एकदा," ती म्हणाली.

चित्रात चार पर्सिमन होते. एकाची सावली चुकीच्या बाजूला पडली होती. मी त्या सावलीकडे पाहत राहिलो, आणि माझ्या पाठीमागे ते गृहस्थ घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.